‘हाल व इस्तकबाल’ ते ‘उचित कार्यवाहीस्तव’: कचेरीच्या भाषेची साडेतीनशे वर्षे

१/ “सदर प्रकरणी संदर्भाधीन पत्रान्वये उचित कार्यवाही करण्यात यावी.” सरकारी कागदावरील हे वाक्य वाचून नेमके कोणी आणि काय करायचे, याचा बोध सहसा होत नाही. खासगी कंपनीतील ई-मेलही याहून फार निराळा नसतो: “सगळे अलाइन होऊन ॲक्शनेबल्स क्लोज करू.” या भाषेचा वैताग आजचा नाही. मराठी मुलखात एकामागून एक राजवटींनी तिच्यासाठी कोश रचले. त्या कोशांची आणि त्यांतून निसटलेल्या गोष्टीची ही हकिगत.

२/ १३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली आणि दख्खनच्या दरबारात फारसी स्थिरावली. पुढे त्या राज्याचे तुकडे होऊन निजामशाही व आदिलशाही उभ्या राहिल्या. मात्र गावचा वसूल लिहिणारा हात स्थानिकच होता. विजापूरच्या पहिल्या इब्राहीम आदिलशाहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) हिशेबातील फारसी बाजूला सारून देशी भाषेला वाव दिला. त्यामुळे एक मिश्र भाषा घडली. तिची क्रियापदे मराठी, लिपी मोडी आणि नामे बहुतांशी फारसी-अरबी.

३/ ही नामे म्हणजे त्या काळातील व्यवसायाची परिभाषा. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यावरून चिटणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस हे शब्द आले. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘कुन’ म्हणजे करणारा, म्हणून कारकून. यांतील प्रत्येक शब्दामागे एक ठरलेले काम, एक जबाबदारी आणि एक वेतन होते. हुद्दे लोपले तरी शब्द आडनावांच्या रूपाने घराघरांत उरले. अशा शब्दांविषयी तक्रारीचे फारसे कारण नव्हते, कारण ते कशाचे तरी नाव होते.

४/ दुसरा प्रकार होता ठरावीक वाक्यखंडांचा. शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या अनेक पत्रांचा मायना ‘अजरख्तखाने’ या शब्दाने सुरू होतो. पत्र कोणत्या दरबारातून निघाले ते त्यात कळते. नावापुढे ‘दामदौलतहू’, म्हणजे ‘ज्यांचे वैभव चिरकाल राहो’. मग ‘बजानेब कारकुनानि हाल व इस्तकबाल’, म्हणजे ‘आताच्या व पुढे येणाऱ्या कारकुनांस’. मुद्द्याला हात घालण्यापूर्वीच वाचणाऱ्याचा दम निघावा, अशी ही प्रस्तावना.

५/ तरीही तिला निव्वळ पोकळ म्हणणे अन्यायाचे ठरेल. इनामाची सनद आजच्या अधिकाऱ्याने मानली आणि उद्याच्या अधिकाऱ्याने नाकारली, तर वतनदार देशोधडीला लागे. ‘हाल व इस्तकबाल’ हे शब्द पुढच्या अधिकाऱ्यालाही बांधून घेत. पत्राखाली ‘मोर्तब सूद’ लिहून शिक्का उठवला की त्याखाली कोणाला खोटी ओळ घुसडता येत नसे. आजचा ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तेथूनच आला. कचेरीतील झिजलेला वाक्प्रचार बहुधा एखाद्या खऱ्या गरजेतूनच जन्मलेला असतो.

६/ अडचण होती ती ऐकणाऱ्याची. गावातील बहुसंख्य लोकांना मोडी वाचता येत नव्हती आणि फारसीचा तर संबंधच नव्हता. कागद कोणीतरी वाचून दाखवायचा आणि त्याचा अर्थही त्यानेच सांगायचा. ज्याच्या जमिनीबद्दल कागद लिहिला, त्यालाच तो परका. त्यामुळे शब्दांचा जाणकार हा मधला माणूस सामर्थ्यवान झाला. कचेरीच्या भाषेचा प्रश्न शुद्धाशुद्धतेच्या आधी या सामर्थ्याचा आहे.

७/ ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि राज्याच्या पदांना संस्कृत नावे मिळाली. पेशवा ‘मुख्य प्रधान’ झाला, मुजुमदार ‘अमात्य’, सुरनीस ‘सचिव’, वाकनीस ‘मंत्री’, डबीर ‘सुमंत’ आणि सरनौबत ‘सेनापती’. नव्या सार्वभौम राज्याने आपली ओळख आपल्या शब्दांत सांगावी, हा त्यामागील हेतू. सिंहासन, शक आणि नाणे यांच्याइतकीच भाषाही राजचिन्ह मानली गेली.

८/ याच धोरणातून ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध झाला. काळ १६७७ च्या सुमाराचा. काम रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे होते आणि धुंडिराज व्यास यांचे नावही या ग्रंथाशी जोडले जाते. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग असे एकूण दहा वर्ग त्यात आहेत. कारभारात रुळलेल्या सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा पद्यमय कोश होता.

९/ परिणाम किती झाला? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तीन वेगवेगळ्या काळांतील पत्रे घेऊन त्यांतील शब्द मोजले. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द सुमारे १४ टक्के, १६७७ च्या पत्रात ६२ टक्क्यांच्या आसपास आणि १७२८ च्या पत्रात ९३ टक्क्यांवर. तीन पत्रांवरून साऱ्या दफ्तराचा निवाडा करता येत नाही, हे खरे. तरी प्रवाहाची दिशा त्यातून स्पष्ट दिसते.

१०/ मात्र शब्द मोजताना वाक्यखंडाकडे दुर्लक्ष होते. राज्याभिषेकानंतरच्या सनदा उघडल्या की ‘देशाधिकारी व देशलेखक, वर्तमान व भावी’ असा मायना भेटतो. हे ‘हाल व इस्तकबाल’च होय, केवळ संस्कृत पोशाखातील. राज्याची भाषा बदलली, अभिमान जागा झाला, पण पत्राचा साचा तसाच राहिला. ज्या शेतकऱ्याला ‘इस्तकबाल’ कळत नव्हता, त्याला ‘भावी’ कितपत कळला असेल?

११/ रूढी कोशाहून चिवट असते, हेही लवकरच दिसले. अठराव्या शतकात बाजीराव बल्लाळांच्या शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ हे शब्द कोरलेले होते; लोकांच्या तोंडी मात्र ‘पेशवे’ हाच शब्द राहिला आणि अखेर त्या सबंध कालखंडाला ‘पेशवाई’ हे नाव मिळाले. नाना फडणवीसांचा हुद्दाही ‘नवीस’ घेऊनच इतिहासात गेला. ‘सेनापती’ आणि ‘सचिव’ रुळले, ‘सुमंत’ मागे पडला. कोणता शब्द जगेल हे वापर ठरवतो.

१२/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी सरकार आले. आता वर इंग्रजी, खाली मोडीतील मराठी आणि दोहोंत जुन्या फारसी संज्ञा, असा तिपेडी कारभार सुरू झाला. कंपनीच्या नोकरशाहीतील सर्वांत खालच्या हुद्द्याचे नाव होते ‘रायटर’. कोलकात्याची ‘रायटर्स बिल्डिंग’ त्यावरूनच ओळखली जाते. ‘रायटर’ म्हणजे लिहिणारा, अर्थात ‘नवीस’. राजवट बदलली तरी कारभाराचा पाया पुन्हा लेखणीवाल्यावरच.

१३/ या वेळी भाषा न कळण्याची पाळी राज्यकर्त्यांवर आली. महसूल आणि न्यायखात्याचे कागद देशी संज्ञांनी भरलेले. विलायतेत बसलेल्या संचालकांना त्यांचा अर्थ लागेना. अखेर संस्कृतचे पंडित होरेस हेमन विल्सन यांनी या संज्ञांचा मोठा कोश तयार केला आणि तो १८५५ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. पहिल्या कोशाने परके शब्द हटवू पाहिले, तर दुसऱ्याने ते समजून घेऊ पाहिले. दोन्ही कोशांचा वाचक मात्र कचेरीच्या आतलाच होता.

१४/ इंग्रजांनी आपले साचेही सोबत आणले. वरिष्ठाला खडसावणाऱ्या पत्राच्या शेवटीही ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ असे लिहिण्याची रीत होती. कागदांचे गठ्ठे लाल फितीने बांधले जात, म्हणून दिरंगाईला ‘लालफीत’ हे नाव पडले. ती फीत एकेकाळी उपयोगाची होती. कागद हरवू नयेत म्हणून ती बांधत. पुढे कागद सुरक्षित राहिले आणि काम अडले, तेव्हा तोच शब्द उपहासाचा झाला.

१५/ या साऱ्याची किंमत कोण मोजत होते, हे जोतीराव फुले यांनी निर्भीडपणे मांडले. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात निरक्षर शेतकरी आणि लेखणी हाती असलेला उच्चवर्णीय कामगार यांच्यातील विषम नाते उलगडले आहे. शेतकऱ्याच्या करावर खाते चालते, पण त्या खात्याचा कागद त्याला वाचता येत नाही. कर्ज, मोजणी, दावा या प्रत्येक ठिकाणी तो दुसऱ्याच्या वाचनावर विसंबून. फुल्यांचा उपाय शब्दकोशाचा नव्हता. तो शिक्षणाचा होता.

१६/ कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आणखी एक वाट धरली. १९१८ मध्ये त्यांनी वंशपरंपरागत कुलकर्णी वतने रद्द केली आणि त्या जागी पगारी तलाठी नेमले. म्हणजे शब्दांऐवजी त्यांनी शब्दांवरची मक्तेदारी मोडली. दफ्तर तेच, संज्ञा त्याच, परंतु दफ्तर उघडणारा हात जन्माने ठरणार नव्हता. कचेरीच्या भाषेचा इतिहास लिहिताना या निर्णयाची नोंद सहसा होत नाही. ती व्हायला हवी.

१७/ १९२४ नंतर रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. दिनांक, क्रमांक, महापौर हे आज कचेरीत सहज वापरले जाणारे शब्द त्यांच्या नावाशी निगडित आहेत. चळवळीचा दुसरा खंदा पुरस्कर्ता होता कवी माधव जूलियन. फारसीचे हे प्राध्यापक आणि १९२५ च्या ‘फार्सी-मराठी कोशा’चे कर्ते, त्यांनीच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले. फारसी न आवडणाऱ्याने नव्हे, तर ती मनापासून आवडणाऱ्याने केलेला हा आग्रह होता.

१८/ दरम्यान बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी देशी भाषांत कारभार चालवण्याचा प्रयोग केला. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ प्रसिद्ध झाला. इंग्रजी प्रशासकीय संज्ञेसमोर मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत, फारसी आदी भाषांतील पर्याय मांडलेले, असे त्याचे स्वरूप. एकाच भाषेच्या शुद्धतेचा हट्ट न धरता शेजारच्या भाषांत काय चालते, हे पाहून शब्द निवडण्याची ही पद्धत आजही अभ्यासण्याजोगी आहे.

१९/ १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला आणि पुढे राजभाषा अधिनियम, १९६४ संमत झाला. कोशावर टीकेची झोड उठली; ‘बदनाम कोश’ अशी कोटीही झाली. आज अधीक्षक, संचालक, आयुक्त, अभियंता, लिपिक या शब्दांनी कोणी दचकत नाही. तहसीलदार, हवालदार मात्र जागचे हलले नाहीत. १६७४ चा ‘सचिव’ नव्या अर्थाने पुन्हा खुर्चीवर बसला.

२०/ हुद्दे मराठी झाले आणि साचा पुन्हा उगवला. ‘विषयांकित’, ‘उपरोक्त’, ‘उचित कार्यवाहीस्तव’, ‘माहितीस्तव सविनय सादर’. फारसी-अरबी ‘सदर’, ‘सबब’ आणि ‘मजकूर’ही त्यांच्या पंगतीला राहिलेच. सर्वांत लक्षणीय लकब म्हणजे ‘करण्यात येत आहे’. अर्ज फेटाळला कोणी? ‘फेटाळण्यात आला’. विलंब कोणामुळे? ‘विलंब झाल्याचे निदर्शनास आले’. या वाक्यात कर्ताच नसतो. कर्ता नाहीसा झाला की जबाबदारीही नाहीशी होते.

२१/ हा रोग मराठीचाच नव्हे. १९४४ मध्ये अमेरिकेत मॉरी मॅव्हरिक या अधिकाऱ्याने आपल्या खात्यातील बोजड भाषेला टर्की पक्ष्याच्या कलकलाटावरून ‘गॉबल्डीगूक’ असे नाव दिले आणि ‘ॲक्टिव्हेशन’, ‘इम्प्लिमेंटेशन’ असे शब्द वापरणाऱ्याला गोळी घालण्याची विनोदी धमकी परिपत्रकातून दिली. १९४८ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी नोकरशहांसाठी ‘प्लेन वर्ड्‌स’ हे पुस्तक लिहिले. भाषा स्वतःची असूनही कचेरी तिला परकी करू शकते, याचा हा पुरावा.

२२/ पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींत आज जी भाषा ऐकू येते, तिचे चरित्रही असेच आहे. ‘बँडविड्थ’ ही रेडिओ अभियांत्रिकीतील मोजता येणारी राशी. आता ती ‘मला वेळ नाही’ याचे सभ्य रूप झाली आहे. ‘डेडलाइन’ ही अमेरिकी यादवी युद्धातील अँडरसनव्हिल तुरुंगाची सीमारेषा; ती ओलांडणाऱ्या कैद्यावर गोळी झाडली जाई. शब्द कामासाठी जन्मतो, सवयीने टिकतो आणि शेवटी आडोसा म्हणून वापरला जातो.

२३/ मग कचेरीला साधे लिहिताच येत नाही काय? उत्तर कोशाच्याही आधीच्या एका पत्रात आहे. मे १६७३. चिपळूणजवळ पावसाळी छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले हे पत्र. मायना जुनाच, ‘मशहुरल अनाम’, म्हणजे ‘लोकांत विख्यात’. पण मायना संपताच मजकूर थेट दाण्यागोट्यावर येतो आणि अखेरपर्यंत तेथून ढळत नाही.

२४/ दाणा-वैरण आताच मनमानी उधळाल, तर भर पावसात काही उरणार नाही आणि घोडी मरतील. ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही गावात शिराल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. लोक परागंदा होतील आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे म्हणतील. तेव्हा जे लागेल ते बाजारात जाऊन पैसे देऊन घ्या. आज्ञा आहे, तिचे कारण आहे, परिणाम आहे आणि प्रत्येक क्रियेला कर्ता आहे.

२५/ पुढे आगीचा इशारा. रात्री दिवा जळता राहिला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. मग कोणाचीही मान कापली तरी खण उभारायला एक लाकूडही मिळणार नाही. राज्याचा प्रमुख उंदराचा विचार करून लिहितो आहे! या पत्रात फारसी शब्द आहेतच, परंतु ते कोठेही आड येत नाहीत. कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाचणारा हवालदार आहे आणि त्याच्या पलीकडे भाजीचा मळा राखणारा कुणबी आहे.

२६/ राजव्यवहारकोश, विल्सनचा कोश, बडोद्याचा कल्पतरू, पदनाम कोश. प्रत्येकाने काहीतरी दिले. ‘सचिव’ आणि ‘संचालक’ हे शब्द ही त्यांचीच मिळकत आहे. वस्तूला नाव हवे असते, तेथे कोश उपयोगी पडतो. जेथे लिहिणाऱ्याला लपायचे असते, तेथे कोणत्याही भाषेचा कोश हतबल ठरतो. संस्कृत, इंग्रजी, मराठी या तिन्ही पोशाखांत तो साचा सुखाने नांदला आहे.

२७/ पुढच्या वेळी ‘करण्यात येत आहे’ किंवा ‘अलाइन होऊ’ असे वाचनात आले, की १६७३ चे पत्र आठवावे आणि तीन प्रश्न विचारावेत. करणार कोण? केव्हा? आणि नाही केले तर सोसणार कोण? पहिल्या दोहोंची उत्तरे वाक्यात नसली, तर तिसऱ्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. ज्याच्यापर्यंत कागदाचा अर्थ पोहोचला नाही, तोच सोसतो.

(समाप्त)